बाकूच्या ज्वालाजींचे वाचक : कांहीं प्रवासलेखांची परीक्षा

कास्पियन समुद्राच्या पश्चिम तीरावर, बाकू शहरानजीक अबशेरॉन द्वीपकल्पांत सुराखानी म्हणून एक गांव आहे. तेथील आतिशगाह या नांवाचें अग्निस्थान पाहिल्याशिवाय कॉकेशसचा प्रवासी परत फिरत नाहीं, व परत आल्यावर त्याविषयीं चार ओळी लिहिल्याशिवाय राहत नाहीं. अशा लेखांची संख्या आतां मोठी झाली आहे. त्यांपैकीं बहुतेकांत हें ‘पारशांचें प्राचीन अग्निमंदिर’ असल्याचें सांगितलेलें असतें. कांहींत, विशेषतः आमच्याकडील प्रवाशांच्या लेखांत, तें ‘हजारों वर्षांपूर्वीचें वैदिक यज्ञस्थान’ होतें. हीं दोन्ही विधानें कोठून निघालीं, व त्या वास्तूच्या भिंतींवर जे लेख कोरलेले आहेत त्यांच्यापुढें तीं कितपत टिकतात, याची परीक्षा करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक कबुली देणें प्राप्त आहे. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत शिकविलें. अधूनमधून इतिहासाचा तासही आमच्याकडे येई. त्या तासाला ‘बाकू येथें पारशांचें अग्निमंदिर आहे’ हें वाक्य आम्हीं कित्येक वर्गांना सांगितलें. तें एका पाठ्यपुस्तकांत होतें व त्यावर शंका घ्यावी असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. निवृत्तीनंतर भाच्याच्या आग्रहावरून एका प्रवासीमंडळाबरोबर आम्ही तिकडे गेलों. ज्या इमारतीविषयीं आम्ही तसें सांगत आलों, तिच्या भिंतींवर देवनागरींत श्रीगणेशास केलेलें वंदन डोळ्यांसमोर आलें, तेव्हां आमची जी अवस्था झाली ती चुकीचा पाठ घोकवून घेतलेल्या मास्तराची होती. प्रस्तुत लेख हा त्या चुकीचें प्रायश्चित्तही आहे.

प्रथम वास्तूचें स्वरूप. पंचकोनी आवाराच्या कडेनें यात्रेकरूंच्या खोल्या आहेत. प्रवेशद्वारावर पाहुण्यांसाठीं बांधलेला मजला आहे. आवाराच्या मध्यभागीं चार खांबांवर उभारलेली घुमटाची छत्री असून तिच्याखालीं अग्नि तेवतो. छपरावर त्रिशूळ आहे. जमिनींतून स्वभावतः येणारा वायु येथें पूर्वीं आपोआप जळत असे. भोंवतालच्या भूगर्भांतील तेल व वायु यांचा उपसा वाढत गेल्यामुळें तो झरा १९६९ सालीं आटला. आज दिसणारी ज्योत नळांतून आणलेल्या वायूवर चालते. १९७५ सालीं येथें संग्रहालय उघडण्यांत आलें. १९९८ सालापासून हें स्थान जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादींत आहे. तात्पर्य, यात्रा गेली, स्वयंभू अग्नि गेला. उरले ते दगड आणि त्यांवरील अक्षरें. म्हणून अक्षरांची साक्ष हीच येथें मुख्य होय.

हे शिलालेख संख्येनें सतरा असल्याचें सामान्यतः सांगितलें जातें. त्यांपैकीं चौदा देवनागरी लिपींत, दोन गुरुमुखींत आणि एकच फारशींत आहे. गुरुमुखी लेख शीखपंथीय साधूंचे आहेत. देवनागरी लेखांत ज्वालाजींचा उल्लेख येतो, व कालनिर्देश विक्रम संवताचा आहे. यांतील कोणतीही मिति सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या पलीकडे जात नाहीं.

पारशी मताचे पुरस्कर्ते त्या एकुलत्या एका फारशी लेखावर बोट ठेवतात. परंतु तो लेख आहे कोठें? गणेशवंदनानें आरंभ होणाऱ्या व ज्वालाजींचें नांव घेणाऱ्या एका देवनागरी लेखाच्या बरोबर खालीं, त्याच शिळेवर. वरच्या लेखांत संवत् १८०२ आहे. खालच्या फारशी पद्यांत हिजरी सन ११५८ आहे. हिजरी ११५८ हें वर्ष फेब्रुवारी १७४५ त लागून जानेवारी १७४६ त संपतें. चैत्रादि संवत् १८०२ हें १७४५ च्या वसंतांत सुरू होतें. म्हणजे दोन्ही लेख एकाच वर्षाचे, बहुधा एकाच प्रसंगाचे आहेत. शिवाय तें फारशी पद्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे. ज्यांची मातृभाषा फारशी नव्हती, पण फारशी ही ज्या मुलुखाची दरबारी भाषा होती त्यांत जे व्यापार करीत, अशा लोकांनीं तें कोरविलें असावें, असेंच यावरून दिसतें. फारशी भाषा म्हणजे पारशी धर्म हें समीकरण तर आपल्याकडील कोणत्याही संशोधकास मान्य होणार नाहीं. मग पेशवे दप्तरांतील अर्धी पत्रें पारशांचीं ठरावयाचीं!

आतां पूर्वीच्या वाचकांकडे वळूं. जोनास हॅनवे या इंग्रज व्यापाऱ्यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बाकूजवळच्या अखंड अग्नीचें वर्णन आहे. तेथें स्वदेशाहून यात्रेस आलेले चाळीस पन्नास गरीब साधक असतात, असें तो लिहितो. आणि त्याच वर्णनांत त्यांस अग्निपूजक या अर्थाचें स्थानिक नांवही देतो. गोंधळाचें मूळ येथें सांपडतें. त्या मुलुखांत अग्नीस नमस्कार करणारा तो ‘गबर’. आणि गबर म्हणजे जरथुश्त्री. हिंदु संन्याशास हें नांव मिळालें, व नांवावरून धर्म ठरविण्यांत आला. पुढें जॉर्ज फॉर्स्टर बंगालहून खुष्कीनें इंग्लंडास जातांना १७८४ च्या सुमारास बाकूस आला. त्यास हिंदुस्थानची माहिती असल्यामुळें, हे लोक हिंदु आहेत हें ओळखण्यास त्यास कष्ट पडले नाहींत. फरक दृष्टीचा नव्हता, पूर्वज्ञानाचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नल स्ट्यूअर्ट यानें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८९७ सालीं या स्थानावर निबंध लिहिला, तो त्यास ‘हिंदु अग्निमंदिर’ असें स्पष्ट म्हणूनच. त्यानंतरचे दोन साक्षीदार सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिले कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम्स जॅक्सन. दुसरे मुंबईचे शम्स-उल्-उल्मा डॉ. जीवनजी जमशेटजी मोदी. जॅक्सन यांचें उभें आयुष्य अवेस्ता व जरथुश्त्र यांच्या अभ्यासांत गेलें होतें. इराणी धर्माचें एखादें अवशिष्ट स्थान सांपडावें हीच इच्छा धरून असा मनुष्य प्रवास करणार. तरीही १९११ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं लेखांची परीक्षा करून हें स्थान हिंदूंचें, उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या लोकांचें, असाच निर्णय दिला. मोदी हे तर स्वतः पारशी, आणि पारशांच्या धर्मविधींवर १९२२ सालीं त्यांनीं लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानतात. ते १९२५ सालीं बाकूस गेले. वास्तूची रचना, खोल्या, लेख हें सर्व पाहून त्यांनीं लिहिलें कीं, पारशी व हिंदु या दोन्ही धर्मांच्या पूजास्थानांची ज्यास माहिती आहे तो यास आतशकदा म्हणणार नाहीं. हें हिंदूंचें देवालय आहे.

साक्षीचें मूल्य ठरवितांना साक्षीदाराचा कल कोणीकडे होता हें प्रथम पाहावें, असा न्याय आहे. ज्या दोघांचा कल पारशी मताकडे असणें स्वाभाविक होतें त्यांनींच तें नाकारलें. जो निर्णय मनुष्य आपल्या आवडीच्या विरुद्ध देतो तो सहसा पुराव्याच्या बळावर दिलेला असतो. असें असूनही आजच्या प्रवासलेखांत जॅक्सन व मोदी यांचीं नांवें क्वचितच दिसतात. आमच्या वाटाड्यानें तर छपरावरील त्रिशूळाचीं तीन टोकें म्हणजे सुविचार, सुवचन व सुकर्म असा अर्थ सांगितला. अर्थ सुंदर आहे. पण ज्या आवारांत चौदा देवनागरी लेख आहेत तेथें त्रिशूळाचा अर्थ शोधण्यास इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. वाटाड्याचा येथें दोष नाहीं. त्यास जें पुस्तक मिळालें तें त्यानें पाठ केलें; आम्हींही तेंच केलें होतें.

तथापि येथेंच थांबलें तर आपल्या बाजूचा अन्याय झांकला जाईल. आमच्या मंडळींतील एका सद्गृहस्थांनीं लेख पाहतांच, ‘म्हणजे पांच हजार वर्षांपूर्वीं येथपर्यंत आपलें राज्य होतें’ असा उद्गार काढला व बाकीच्यांनीं माना डोलविल्या. लेखांनीं जें सांगितलें नाहीं तें त्यांच्या तोंडीं घालणें हा पारशी मताहून मोठा प्रमाद होय, कारण तो आपण आपल्या लिपीवर करतों. लेख सांगतात तें एवढेंच : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत हिंदु व शीख साधु येथें येत, राहत, बांधकामें करवीत. त्यांच्यामागें मुलतानी व्यापाऱ्यांचा आश्रय होता. बाकूच्या जुन्या कोटांत मुलतानी सराई अजून दाखवितात, आणि व्होल्गामुखाशीं असलेल्या अस्त्राखान बंदरांतही हिंदु व्यापाऱ्यांची वसाहत होती. हा राज्यविस्ताराचा इतिहास नसून हुंडी, कापड आणि यात्रा यांचा आहे. आमच्या दृष्टीनें तो कमी अभिमानास्पद नाहीं.

त्याचप्रमाणें स्थान आणि वास्तु यांत भेद केला पाहिजे. अबशेरॉनच्या भूमींतून ज्वाळा निघत होत्या त्या या भिंतींच्या फार पूर्वींपासून. यानार दाग येथें डोंगराच्या पायथ्याशीं त्या आजही निघतात. इस्लामपूर्व काळीं सासानी सत्तेखालीं असलेल्या या प्रदेशांत अग्नीची उपासना झालीच नसेल असें कोणी म्हणूं नये. परंतु ‘येथें पूर्वीं उपासना झाली असेल’ हें अनुमान आहे, आणि ‘ही वास्तु पारशांनीं बांधली’ हें विधान आहे. पहिल्यास वाव आहे. दुसऱ्यास उपलब्ध लेखांत आधार नाहीं. बहुतेक प्रवासलेखांचा दोष असा कीं, ते पहिल्यावरून दुसऱ्यावर एका वाक्यांत उडी घेतात.

आतां एका लेखाचा थोडा बारकाईनें विचार करूं, कारण वाचनाच्या हयगयीनें काय होतें याचें तो उत्तम उदाहरण आहे. मार्गदर्शक पुस्तकांत एक ठराविक वाक्य असतें : मध्यवर्ती अग्निवेदी १८१० सालीं ‘कांचनगरन’ नांवाच्या व्यापाऱ्यानें बांधली. संवत् १८६६, आसोज वदि ८ या मितीच्या लेखाचा जो पाठ छापला जातो, तो याच्याशीं ताडून पाहावा. लेखांत ज्वालाजींच्या ‘निमत’, म्हणजे निमित्त, ‘दरवाजा बणाया’ असें आहे. करणारा कोण? छापील पाठांत ‘अतीकेचनगिर संन्यासी’ अशीं अक्षरें असून पुढें तो कोटेश्वर महादेवाचा असल्याचें म्हटलें आहे.

येथें चार गोष्टी ध्यानांत येतात. पहिली, लेखाची भाषा संस्कृत नव्हे. आरंभींचें मंगल संस्कृतांत आहे. पण ‘बणाया’, ‘निमत’, ‘आसोज’ हीं राजस्थानकडील हिंदीचीं रूपें आहेत. लिपि देवनागरी म्हणून सर्व लेख ‘संस्कृत’ म्हणणें हें, फारशी भाषा म्हणून लेख पारशी म्हणण्यासारखेंच आहे.

दुसरी, कर्ता व्यापारी नसून संन्यासी आहे. ‘अती’ आणि ‘केचनगिर’ अशीं अक्षरें तोडून, पहिल्या शब्दांत गळलेला ‘त’ धरल्यास ‘अतीत’ हा शब्द मिळतो. आपल्याकडे ‘अतीत अभ्यागत’ ही जोडी घरोघर बोलण्यांत होती. गुजरात, राजस्थान या बाजूस दशनामी गोसाव्यांस अतीत असेंच म्हणतात. ‘गिर’ हें तर दशनामांपैकीं ‘गिरि’ या नामाचें प्रचलित रूप होय. राहिला ‘केचन’. क वरील अनुस्वाराचा टिंब झिजून लांबट झाला कीं तो मात्रेसारखा दिसतो, हें ज्यानें जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यास सांगावयास नको. तेव्हां ‘अतीत कंचनगिर संन्यासी’ असा पाठ आम्ही सुचवितों. ‘कांचनगरन’ हा व्यापारी या कंचनगिर गोसाव्याचेंच विकृत रूप असावा. गोसावी असून तो व्यापारही करीत असेल, हें अशक्य नाहीं. पुण्याचा गोसावीपुरा ज्यांनीं पाहिला आहे व तेथील गोसावी सावकारांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस त्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु लेखांत ‘संन्यासी’ आहे, ‘व्यापारी’ नाहीं.

तिसरी गोष्ट, लेख ‘दरवाजा’ म्हणतो, वेदी म्हणत नाहीं. या लेखाच्या आधारें तरी अग्निवेदीचा काल ठरवितां येत नाहीं.

चौथी गोष्ट सनाची. संवतांतून सरसकट ५६ वजा केले कीं १८१० येतात. परंतु संवत् चैत्रादि असेल तर आश्विन महिन्यासाठीं ५७ वजा करावे लागतात, आणि मास पूर्णिमान्त धरल्यास आसोज वदि ८ ही आपल्या भाद्रपद वद्य अष्टमीस, म्हणजे ऑक्टोबर १८०९ च्या आरंभास पडते. संवत् कार्तिकादि व मास अमान्त असतील तर मात्र ती ऑक्टोबर १८१० त जाते. लेखाची भाषा पहिल्या पद्धतीस अनुकूल आहे, म्हणून आम्ही १८०९ कडे झुकतों. उलट कोटेश्वर हा कच्छांतील समुद्रतीरींचा धरल्यास निर्णय दुसरीकडे झुकूं शकेल. पण कोटेश्वर या नांवाचीं शिवस्थानें अनेक आहेत, आणि केवळ नामसादृश्यावर कालनिर्णय टांगणें योग्य नव्हे. एका वर्षाच्या फरकासाठीं एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, हें वर्ष ठरविण्याच्या खटाटोपांतच तो गोसावी कोणत्या प्रांतांतला हें कळण्याची वाट आहे.

सुराखानीच्या आदल्या दिवशीं आम्ही गोबुस्तान पाहिलें होतें. तेथें बोयुकदाश डोंगराच्या पायथ्याशीं रोमन बाराव्या लीजनच्या एका शतपतीनें कोरविलेला लॅटिन लेख आहे. तो सम्राट् डोमिशियनच्या कारकीर्दींतील, इ. स. ८४ ते ९६ यांमधील आहे. त्यांत शब्द थोडे आहेत. परंतु शतपतीचें नांव ल्यूशियस ज्यूलियस मॅक्सिमस, हें कोणताही वाटाड्या न चुकतां सांगतो. कारण तो लेख एकदां नीट वाचून प्रसिद्ध झाला व तोच पाठ सर्वत्र गेला. अठराशें पन्नासहून अधिक वर्षांपूर्वींच्या, पुस्तकांत नीट उतरलेल्या त्या रोमन शिपायाचें नांव आज शाबूत आहे. आणि दोनशें सवादोनशें वर्षांपूर्वींच्या आमच्या गोसाव्याचें नांव ‘कांचनगरन’ झालें आहे. दोष दगडाचा नाहीं.

यावर उपाय काय, तो आमच्या वाचकांच्या हातांतला आहे. जे सभासद कॉकेशसच्या प्रवासास जातील, आणि हल्लीं पुष्कळ जातात, त्यांनीं सुराखानीस पुढील पद्धति ठेवावी. सकाळीं लौकर किंवा सायंकाळीं, ऊन तिरपें असतांना प्रत्येक लेखाचें निरनिराळ्या कोनांतून छायाचित्र घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. लेख कोणत्या खोलीच्या दारावर आहे हें टिपून ठेवावें. आणि स्ट्यूअर्ट, जॅक्सन, मोदी यांच्या पाठांशीं अक्षर न अक्षर ताडून पाहावें. लेखास हात लावूं नये, खडूनें अक्षरें भरूं नयेत. दगड मऊ पडत चालला आहे. जो टिंब आज मात्रेसारखा दिसतो तो उद्यां दिसणारच नाहीं.

दुसरें काम घरबसल्या होण्यासारखें आहे. एशियाटिक रिसर्चेसच्या पांचव्या खंडांत जोनाथन डंकन यानें काशीस भेटलेल्या प्राणपुरी नामक ऊर्ध्वबाहु संन्याशाची हकीकत दिली आहे. हा गोसावी बाकूजवळच्या महाज्वालामुखीचें दर्शन घेऊन अस्त्राखानवरून मॉस्कोपर्यंत गेला होता. एक गोसावी एवढा प्रवास करतो, तेव्हां त्याच्या मागेंपुढें आणखी असलेच पाहिजेत. आणि गोसाव्यांच्या मठांत यात्रांच्या याद्या, वह्या व देणग्यांचीं टिपणें ठेवण्याची चाल होती. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांत ‘बाकू’, ‘सुराखानी’, ‘महाज्वालामुखी’ किंवा ‘ज्वालाजी’ हीं नांवें आढळतात काय हें पाहावें. ज्वालाजी म्हटलें कीं आपण कांगड्याचें ज्वालामुखी समजून पान उलटतों. यापुढें तेवढ्यावर पान उलटूं नये. एखाद्या वहींत कंचनगिराचें नांव निघालें तर कोटेश्वर कोणता हें ठरेल, त्याबरोबर संवतही ठरेल.

असो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं या त्रैमासिकाचे वाचक आहेत. त्यांस विनंति कीं, ‘बाकू येथें पारशांचें अग्निमंदिर आहे’ हें आमचें वाक्य त्यांनीं खोडावें, आणि त्या जागीं लिहावें : ‘बाकूजवळ सुराखानी येथें एक पुरातन अग्निस्थान असून तेथील सध्याची वास्तु व तिच्यावरील लेख हे मुख्यतः हिंदु व शीख यात्रेकरूंचे, सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील आहेत.’ वाक्य पहिल्यापेक्षां लांब आहे व पाठ करण्यास अवघड आहे. पण त्याला दगडाचा आधार आहे.